जुन्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग थरथरते? दोष असा शोधा

दहा-पंधरा वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरचे स्टेअरिंग थोडेफार हलणारच, असे धरून अनेक जण ट्रॅक्टर तसाच चालवत राहतात. नांगरटीला किंवा रोटाव्हेटरला त्याने फारसे अडत नाही. वेग कमी असतो, खाली मऊ माती असते. तोच ट्रॅक्टर भरलेली उसाची ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याला लागला, की गोष्ट वेगळी होते. थरथरीमागे कधी टायरमधली कमी झालेली हवा असते, तर कधी झिजून सुटायला आलेला टाय रॉडचा जोड. हा जोड चालत्या ट्रॅक्टरमध्ये निसटला तर पुढची दोन चाके दोन दिशांना वळतात आणि स्टेअरिंग हातात असूनही त्याचा उपयोग राहत नाही. त्यामुळे हंगाम सुरू होण्याआधी अर्धा दिवस काढून पुढील तपासणी करावी. यातील बहुतेक कामे एक जॅक, दोन लाकडी ठोकळे, मोजपट्टी, खडू आणि मदतीला एक माणूस एवढ्यावर घरी होतात. येथील माहिती मुख्यतः टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरसाठी आहे. पिकअप आणि जीपबद्दल शेवटी सांगितले आहे.

थरथर तयार कुठे होते?

पुढचे चाक किंग पिनभोवती वळते. ही पिन अगदी सरळ उभी नसते. तिला थोडा कल दिलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर चाक आपोआप सरळ येऊ पाहते. दवाखान्यातील स्ट्रेचर जोरात ढकलला की त्याचे फिरते चाक कसे फडफडते ते पाहिले असेल. चाक सरळ येताना थोडे पुढे जाते, परत येते, पुन्हा पुढे जाते. ट्रॅक्टरमध्ये हे फडफडणे रोखून धरण्याचे काम किंग पिनचे बुश, हबचे बेअरिंग, टाय रॉडचे बॉल जॉइंट आणि ड्रॅग लिंक मिळून करतात. एका जोडात अर्धा मिलिमीटर सैलपणा आला तर जाणवतही नाही. चार-पाच जोडांत तो साठला, की ठरावीक वेगाला चाके डगडगू लागतात आणि तोच झटका वर स्टेअरिंगला मिळतो.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्या. स्टेअरिंग बॉक्स क्वचितच थरथर सुरू करतो. तो खालचा धक्का वर पोहोचवतो, एवढेच. तरीही स्टेअरिंग हलले की पहिल्यांदा बॉक्स उघडायचा, अशी पद्धत पडली आहे. त्यात मजुरी जाते, सुटे भाग बदलले जातात आणि थरथर तशीच राहते. तपासणी नेहमी जमिनीकडून वर न्यावी: आधी टायर, मग रिम, हब, किंग पिन, टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि सर्वांत शेवटी बॉक्स. स्वस्त दोषही बहुतेक खालीच असतात.

जॅक लावण्याआधी ट्रॅक्टर चालवून पाहा

ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा करून इंजिन सुरू ठेवा आणि हळूहळू रेस वाढवा. उभ्या ट्रॅक्टरमध्येही स्टेअरिंग थरथरत असेल, तर चाकांचा काही संबंध नाही. स्टेअरिंग कॉलमचा ब्रॅकेट ढिला झालेला असतो, वरचा बुश झिजलेला असतो किंवा स्टेअरिंगच्या मधला नट सैल असतो. इंजिन एखाद्या सिलिंडरला अडखळत असले तरी असेच होते. मग इंजेक्टर तपासून घ्यावा लागतो.

उभा असताना शांत, पण चालताना थरथरतो, असे असेल तर रिकाम्या, सरळ आणि सपाट रस्त्यावर ट्रॉलीशिवाय चालवा. एका ठरावीक वेगाला थरथर सुरू होऊन त्याच्यापुढे कमी होत असेल, तर टायर, रिम किंवा चाकाला चिकटलेल्या मातीचा संशय घ्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘धप’ असा झटका लागत असेल, तर टायरवर फुगवटा किंवा वाकलेली रिम असण्याची शक्यता जास्त. खड्ड्यातून गेल्यावर थरथर सुरू होते आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही, हे जोड सैल झाल्याचे लक्षण आहे. नुसता ट्रॅक्टर ठीक चालतो आणि ट्रॉली जोडल्यावरच स्टेअरिंग हलके पडून डगमगते, तर दोष पुढच्या भाराचा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येते.

थरथर कोणत्या कामानंतर सुरू झाली तेही आठवा. पंक्चर काढले, टायर बदलला, पुढच्या चाकांमधील अंतर बदलले किंवा चिखलणी करून आलो, यांपैकी काहीतरी बरेचदा सापडते. अवजारे बँकेच्या ट्रॅक्टरवर अनेक चालक बसतात, तेव्हा ही आठवण कोणाकडेच नसते. अशा ठिकाणी ट्रॅक्टरजवळ एक वही ठेवून तारीख आणि काम लिहिण्याची सवय लावली, तर मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो.

टायर आणि रिम

सकाळी, ट्रॅक्टर चालवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा. हवेचा दाब ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा आणि पुढच्या दोन्ही चाकांत सारखा असावा. पुढच्या लहान टायरला मागच्या मोठ्या टायरपेक्षा बराच जास्त दाब लागतो, बहुतेक ट्रॅक्टरमध्ये जवळपास दुप्पट. लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही, गेज वापरावाच लागतो. एका चाकात हवा कमी असेल तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो, चालक सतत उलटे स्टेअरिंग धरतो आणि सैल जोडांना फडफडायला निमित्त मिळते.

चिखलणीनंतर रिमच्या आतल्या बाजूला माती वाळून बसते. ती सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला दोन-तीन किलो माती चिकटली, की रस्त्याच्या वेगाला चाक उड्या घेऊ लागते. खुरप्याने खरवडून, पाण्याने धुऊन मग पुन्हा चालवून पाहा. अनेकांचे काम इथेच संपते.

नंतर टायरच्या रिबवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे धारदार लागत असेल, तर चाके सरळ रेषेत चालत नाहीत, घासत जातात. बाहेरची कड जास्त झिजली असेल तर चाके पुढून प्रमाणाबाहेर आत वळलेली आहेत. आतली कड झिजली असेल तर ती बाहेर फाकलेली आहेत. टायरवर जागोजाग खळगे पडले असतील, तर बेअरिंग किंवा बुशचा सैलपणा शोधायचाच आहे. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा आतील दोरा दिसणारी चीर असेल, तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका.

चाकाचे नट पान्याने आवळून पाहा. नटाखालच्या छिद्राभोवती गंजाचे ओघळ किंवा चकाकणारा घासलेला पत्रा दिसला, तर ते चाक बरेच दिवस ढिले फिरले आहे असे समजा. छिद्र लांबट झाले असेल तर डिस्क बदलावी. नुसते नट आवळून ती जागेवर राहत नाही.

जॅक लावताना

ट्रॅक्टर पक्क्या, सपाट जागेवर उभा करा. इंजिन बंद करून चावी काढा, हॅन्डब्रेक लावा आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झोकांड्या खाणारा असतो, हे बरेच जण विसरतात. जॅक लावल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला कलू नये म्हणून ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर घट्ट बसवा. चाक उचलल्यावर ॲक्सलखाली मजबूत स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा द्या. विटा आणि दगड वापरू नका, भार आला की ते फुटतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

उचललेले चाक हाताने फिरवा. टायरजवळ जमिनीवर एखादी काडी रोवून तिचे टोक रिमच्या कडेशी आणा. चाक फिरताना काडी आणि रिममधील फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. रिम सरळ फिरते, पण टायर आत-बाहेर लचकतो, तर टायर नीट बसलेला नाही किंवा आतून फुटला आहे. फिरवताना खरखर किंवा दळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेले.

आता चाकाला वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खटखट हलत असेल तर कुठे हलते ते पाहणे महत्त्वाचे आहे. त्यासाठी दुसऱ्या माणसाने चाकाच्या मागे टॉर्च धरून बघावे. हब हलतो आणि त्यामागचा स्पिंडल स्थिर आहे, तर दोष बेअरिंगचा. हबसह स्पिंडल आणि किंग पिनही ॲक्सलच्या आत हलते, तर दोष किंग पिनच्या बुशचा. या दोन्हींत गल्लत झाली तर नवे बेअरिंग घालूनही खेळ तसाच राहतो. शंका असल्यास तपासणीपुरता हबचा नट थोडा आवळा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंग पिन.

बेअरिंग नुसते सैल असेल आणि आवाज नसेल, तर बदलण्याची गरज नसते. हबचे झाकण काढा, स्प्लिट पिन काढा, चाक फिरवत नट आवळा आणि चाक जड फिरू लागले की पुस्तिकेप्रमाणे नट थोडा मागे घ्या. चाक मोकळे फिरले पाहिजे, पण खटखटता कामा नये. स्प्लिट पिन दर वेळी नवीनच घाला. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरली की ती तुटते, आणि ती तुटली तर चाक निघून येऊ शकते. नट जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळते. म्हणून काम झाल्यावर थोडे अंतर चालवा आणि हबजवळ हात नेऊन बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर नट पुन्हा सैल करावा लागेल.

किंग पिन वर-खालीही हलते का ते पाहा. पहारीने चाक खालून हलके उचलून बघितले, की खालच्या थ्रस्ट बेअरिंगची किंवा वॉशरची झीज कळते. चिखलात काम करणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ही झीज लवकर होते. ग्रीस गनने निप्पलमधून ग्रीस जात नसेल तर निप्पल बदला. कित्येक जुन्या ट्रॅक्टरमध्ये निप्पल मातीने बुजलेले असते आणि चालक मात्र रोज वरवर ग्रीस लावत असतो. चाक उचललेले असताना ग्रीस भरले, तर ते भाराखाली दबलेल्या जागेतही पोहोचते. कडेने जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा.

टाय रॉड, ड्रॅग लिंक आणि मधली पिन

ही तपासणी चाके जमिनीवर टेकलेली ठेवून करावी, कारण सैल जोड भाराखालीच खरे दिसतात. एकाने स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे, झटक्यात हलवायचे. दुसऱ्याने बाजूला बसून प्रत्येक बॉल जॉइंटवर बोटे ठेवायची. जोडाचा एक भाग आधी हलतो आणि दुसरा उशिरा हलतो, हे डोळ्यांपेक्षा बोटांना चटकन कळते. टाय रॉडचे एंड, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, ड्रॉप आर्मचा नट आणि स्पिंडलवरील स्टेअरिंग आर्मचा बोल्ट, असे एकेक तपासा. काही मॉडेलमध्ये टाय रॉडऐवजी दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक असतात, तिथे दोन्ही बघा.

बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटले असेल तर आत धूळ आणि पाणी गेलेच आहे. असा जोड आज घट्ट वाटला तरी लवकर झिजतो. बॉल खाचेतून वर-खाली हलताना दिसला, तर त्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडू नका. नवा एंड येईपर्यंत तो शेतातही वापरू नये, कारण हा जोड सुटण्याआधी दर वेळी इशारा देतोच असे नाही.

वाकलेला टाय रॉड भट्टीत तापवून सरळ करणे, तुटलेला वेल्डिंग करून जोडणे हे गावोगाव चालते. तापवल्याने पोलादाची ताकद जाते आणि वेल्डिंगच्या कडेला तडा सुरू होतो. हा भाग जोडून चालवण्याचा नाही, बदलण्याचा आहे. नांगराचा फाळ तुटला तर काम थांबते. टाय रॉड रस्त्यावर तुटला तर ट्रॉलीसमोरून येणारा दुचाकीस्वार वाचत नाही.

ॲक्सलच्या मधल्या पिनचा बुश झिजला असेल तर ॲक्सल पुढे-मागे सरकतो. जॅक लावलेला असताना पाचर काढून पहारीने ॲक्सल हलवून पाहावा. ही पाचर काढताना ट्रॅक्टरचा भार स्टँडवर नीट आहे ना, याची आधी खात्री करा.

हे सगळे घट्ट असूनही चाक न वळता स्टेअरिंग बरेच फिरत असेल, तर मगच बॉक्सकडे वळा. आधी तेलाची पातळी आणि बॉक्सचे चेसिसवरील बोल्ट पाहा. खेळ कमी करण्याचा स्क्रू अंदाजाने आवळू नका. जास्त आवळला तर स्टेअरिंग वळणानंतर सरळ येत नाही आणि आतील दाते लवकर झिजतात. हे काम माहितीच्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

चाकांची रेषा: खडू आणि मोजपट्टी

पुढची चाके समोरच्या टोकाला किंचित आत वळलेली ठेवतात, त्याला टो-इन म्हणतात. चाके सरळ करून दोन्ही टायरच्या मध्यावर, समोरच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा. दोन खुणांमधील अंतर मोजा. मग ट्रॅक्टर सरळ पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला हबच्याच उंचीवर येतील. पुन्हा अंतर मोजा. समोरचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटरने कमी असावे. नेमका आकडा मॉडेलनुसार बदलतो, तो पुस्तिकेतून घ्या. समोरचे अंतर जास्त निघाले तर चाके फाकलेली आहेत आणि थरथरीचे एक कारण सापडले.

कापूस, ऊस किंवा भाजीपाल्याच्या ओळींत आंतरमशागतीसाठी पुढच्या चाकांमधील अंतर बदलले, की टो-इन हमखास बिघडते. ॲक्सल दोन्ही बाजूंना एकेक भोक बाहेर काढला जातो, पण टाय रॉड त्याच मापाने लांब केला जात नाही, किंवा एकाच बाजूने लांब केला जातो. अंतर बदलण्याआधी टो-इन मोजून लिहून ठेवा, बदलल्यावर पुन्हा मोजा. सैल जोड बदलण्याआधी मात्र टो-इन जुळवत बसू नका. ते दुसऱ्या दिवशी हलणारच.

ट्रॉली आणि पुढचा भार

पुढची चाके रस्त्यावर दाबून बसली, तरच ती वळवतात. साधारण नियम असा, की अवजार किंवा ट्रॉलीचा भार धरून ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या ॲक्सलवर राहिले पाहिजे. दोन टन वजन असेल तर पुढे किमान ४०० किलो. हे मोजण्याची सोय ग्रामीण भागात आहे, कारण साखर कारखान्यांकडे आणि बाजार समित्यांकडे वजनकाटा असतो. भरलेली ट्रॉली जोडून फक्त पुढची चाके काट्यावर घ्या आणि आकडा पाहा.

वजन कमी भरले तर पुढे वजने लावावीत आणि ट्रॉलीतील माल पुन्हा रचावा. दोन चाकी ट्रॉलीत माल ॲक्सलच्या पुढे जास्त रचला तर हिच दाबली जाते आणि ट्रॅक्टरचे तोंड उचलते. मागे जास्त रचला तर उलट हिच वर उचलली जाते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली हेलकावे देते. ट्रॉली ट्रॅक्टरच्या वरच्या लिंकला किंवा उंच जागी जोडणे तर पूर्ण टाळा. ओढ जितकी उंच, तितके तोंड लवकर उचलते.

पॉवर स्टेअरिंग आणि फोर-व्हील ड्राइव्ह

पॉवर स्टेअरिंग असलेल्या ट्रॅक्टरमध्ये थरथर हाताला कमी जाणवते, म्हणून झीज जास्त वाढेपर्यंत कळत नाही. चाके डगडगतात का ते दुसऱ्याने बाजूने बघावे. सिलिंडरच्या टोकाचे जोड टाय रॉडप्रमाणेच तपासा. झटके देत वळत असेल, आवाज येत असेल आणि टाकीत तेलाला फेस दिसत असेल, तर तेल कमी आहे किंवा हवा शिरली आहे. फोर-व्हील ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर चालू ठेवू नका. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात. मातीत ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर तसे होत नाही, झटके बसतात आणि टायर घासतात.

जुनी पिकअप किंवा जीप असेल तर

भाजी बाजारात नेणाऱ्या पिकअपचे स्टेअरिंग ताशी ६० ते ८० किलोमीटरच्या आसपास थरथरत असेल, तर आधी पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या. रिमवरील शिशाचे तुकडे गळून पडलेले असतात किंवा आत चिखल असतो. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर होत असेल, तर ब्रेक डिस्क वाकडी झाली आहे, बॅलन्सिंगने ती जाणार नाही. थरथर स्टेअरिंगपेक्षा सीटखाली जास्त जाणवत असेल, तर मागची चाके, प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस पाहावेत. मागे जास्त माल भरला की पुढचा भाग हलका होतो, हे पिकअपलाही लागू आहे.

पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे असलेल्या जुन्या जीपमध्ये खड्डा लागल्यावर कधी कधी संपूर्ण पुढचा भाग जोरात डगडगू लागतो. अशा वेळी जोराचा ब्रेक मारू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलेटर सोडा आणि हळूहळू बाजूला घ्या. मग वरील सर्व जोडांबरोबर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासा.

काम झाल्यावर

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून बघा. तीन भाग एकदम बदलले तर थरथर जाते, पण दोष कुठे होता ते कळत नाही आणि चांगले भाग भंगारात जातात. याला एक अपवाद आहे. किंग पिनचे बुश एका बाजूचे गेले असतील तर दोन्ही बाजूंचे बदला, कारण दुसरी बाजू तितकीच राबलेली असते. हबचा किंवा चाकाचा नट उघडला असेल, तर पहिल्या दिवशी चार-पाच तास काम झाल्यावर चाकाचे सर्व नट पुन्हा एकदा आवळा. नव्याने बसवलेले चाक थोडे बसते आणि नट ढिले पडतात.